तिरपं माप

सतरा इंच म्हणजे सतरा इंच नव्हे,
हे बाबांना पटायला बर्डीवरची तीन दुकानं लागली.

पहिल्या दुकानात त्यांनी खिशातून टेप काढला
(शिवणाचा, पिवळा, टोकाची पितळी पट्टी गेलेला)
आणि पडद्यावर आडवा धरला.
"पंधरा भरून राह्यले जी. दोन इंच कुठं गेले?"
पोरगा हसला. काका, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजतात.
बाबांनी त्याच्याकडे असं पाहिलं
जसं कमी पन्ह्याचं लुगडं खपवणाऱ्याकडे
एकेकाळी गोळीबार चौकात पाहिलं जायचं.

मला मोठा पडदा हवा होता, बस.
बेसा, मानेवाडा, पिपळा रोड,
दुसऱ्यांच्या प्लॉटांवरची घरं मी चौदा इंचांत काढते:
जिना दिसतो तर संडास दिसत नाही,
संडास सापडला की बाल्कनी निसटते,
दिवसभर बोटानं घर सरकवून सरकवून
मनगटावर गाठ आली आहे, वाटाण्याएवढी.

दुसऱ्या दुकानात एसी होता. बाहेर पंचेचाळीस.
तिथला लॅपटॉप पोळीसारखा पातळ,
हात लावायच्या आधी हात पुसावा असा.
रॅम नंतर वाढवता येईल का?
"नाही मॅडम, बोर्डालाच सोल्डर आहे. आत्ताच बत्तीस घ्या."
आत्ताच बत्तीसचे आत्ताच सव्वीस हजार जास्त.
बाबा म्हणाले, "म्हंजे आज जेवढं पोट, तेवढंच जन्मभर?"
पोरानं उत्तर दिलं नाही.
आम्ही आणखी दहा मिनिटं तिथेच उभे राहिलो, उगाच, गारव्याला.

तिसरं दुकान माडीवर, कूलरच्या ओल्या वासाचं.
लॅपटॉप जाड, काळा, पावणेतीन किलो,
जेवायच्या पाटासारखा.
अलमास नावाच्या मुलीनं तो पालथा घातला,
अकरा स्क्रू काढले, एकेक ओठांत धरत गेली.
"गिळशीन बाई," बाबा म्हणाले.
आत आठची एक पट्टी. शेजारी एक रिकामी खाच.
दुसऱ्या डिस्कलाही जागा.
खोलल्यानं वॉरंटी जाते का, मी विचारलं.
स्क्रूंच्या मधून ती बोलली, आम्ही लावली तर नाही,
बिलावर लिहून देते.

बाबा वाकले. चष्मा कपाळावर.
त्या रिकाम्या खाचेकडे इतका वेळ पाहत राहिले
की मला वाटलं, उन्हाची चक्कर आली.
"माग घेताना आमी हेच पाहू," शेवटी म्हणाले,
"फणी बदलता येते का. लाकूड काय, कोणतंबी चालते."
अलमासचा हात थांबला.
"मोमीनपुऱ्यात आमच्याकडेही होता. दादांचा."
"खड्ड्याचा?"
"खड्ड्याचा."
मग ती दोघं त्या खड्ड्याबद्दलच बोलत बसली,
आणि मी हिशेब करत:
साधं मॉडेल, अधिक सोळाची पट्टी,
उणे जुन्याचे चार हजार,
रंग जरा फिके आहेत, पण नकाशातली लाल रेघ
लाल दिसली म्हणजे झालं,
हप्ते आठ. नऊ. नऊच.

पट्टी बाबांनी मागितली. अलमासनं दिली.
डावा अंगठा हल्ली थरथरतो त्यांचा,
तरी कडेला तिरपी टेकवून
दोन्हीकडून सारखा दाब.
खट.
चाळीस वर्षं तुटला धागा कंदिलाच्या उजेडात जोडणाऱ्या बोटांना
हे फारच सोपं गेलं असावं.
"एवढंच?" ते म्हणाले.
जरा नाराजच होते.

पिशवीची चेन लागेना. एक कोपरा बाहेर.
मेट्रो येईपर्यंत बाबांनी डोक्यावरचा दुपट्टा काढून
त्या कोपऱ्यावर टाकला,
आणि स्वतः उघड्या डोक्यानं उभे राहिले, मी रागावले तरी.

रात्री मी प्रोग्रामं टाकत होते.
ते टेप घेऊन घरभर:
टीव्ही, आरसा, खिडकी, मग स्वतःची खाट,
या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत.
लाइट बंद केल्यावर त्यांचा आवाज आला,
"तिरपं मोजलं का नाही,
सगळंच जरासं मोठं भरते वं."